रूपांतरी यंत्रमानव खेळणी

रूपांतरी यंत्रमानव खेळणी : मोटार, विमान, ध्वनिफीत-वादक यांसारख्या परिचित वस्तूचे, तिचा कोणताही मुख्य भाग सुटा न करता, मानवाकृती यंत्रमानवात आणि पुन्हा मूळ वस्तूत रूपांतर करता येईल अशी खेळणी. यांतील सर्वांत प्रसिद्ध मालिका ‘ट्रॅन्सफॉर्मर्स’ या नावाने ओळखली जाते. वीजपुरवठ्यातील रोहित्रालाही इंग्रजीत हेच नाव आहे. तथापि येथे ते ‘रूप बदलणारे’ एवढ्याच अर्थाने वापरलेले आहे. ही खेळणी मूळची जपानी असून ताकारा या कंपनीने ती दोन वेगवेगळ्या मालिकांसाठी तयार केली होती. अमेरिकेतील हॅस्ब्रो कंपनीने १९८४ मध्ये ती आयात केली, एका नावाखाली आणली आणि त्यांना स्वतंत्र कथानक दिले. खेळण्याची रचना एका देशाची, कथा दुसऱ्या देशाची आणि उत्पादन कालांतराने तिसऱ्याच देशात, अशी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील खेळणी-उद्योगाची जी वाटचाल झाली, तिचे हे ठळक उदाहरण होय. मुलांच्या खेळावर दूरचित्रवाणी व जाहिरात यांचा पडणारा प्रभाव, तसेच आयात खेळण्यांची सुरक्षितता या प्रश्नांच्या संदर्भातही या खेळण्यांचा इतिहास महत्त्वाचा आहे.

रचना व तंत्र : रूपांतरी खेळण्याचे मूळ तत्त्व घडीचे आहे. कागदाची चौकोनी घडी न फाडता व न चिकटविता तिच्यापासून निरनिराळ्या आकृती काढता येतात, त्याचप्रमाणे येथे कठीण भागांची एक साखळी बिजागऱ्यांनी जोडलेली असते आणि भागांची मांडणी बदलली की आकृती बदलते. महाराष्ट्रातील मुले पावसाळ्यात कागदाची नांगरहोडी व शिडाची होडी करतात. जपानमध्ये अशाच एका होडीला ‘दामाशिबुने’ म्हणजे फसवी होडी असे नाव आहे. डोळे मिटून तिचे शीड धरणाऱ्याला डोळे उघडताच आपल्या हाती होडीचे टोक असल्याचे दिसते. रूपांतरी यंत्रमानवाने होणारे आश्चर्य याच जातीचे आहे.

मोटारीपासून बनणाऱ्या यंत्रमानवात सामान्यतः मोटारीचा पुढील भाग छाती किंवा पाय बनतो, मागील भाग त्याच्या विरुद्ध टोकाचा अवयव बनतो, दारे पंखांसारखी किंवा बाहूंसारखी बाजूला वळतात आणि डोके बॉनेटखालील अथवा छताखालील पोकळीतून वर येते. यासाठी साधी बिजागरी, उखळीचा सांधा, सरकखाच आणि फिरता खुंट असे मोजकेच यांत्रिक घटक वापरतात. अडचण घटकांची नसून त्यांच्या मेळाची असते. दोन्ही रूपांत वस्तुमान तेच राहते, त्यामुळे एका रूपात अनावश्यक ठरलेला प्रत्येक भाग दुसऱ्या रूपात कोठे तरी दडवावा लागतो. वळताना एक भाग दुसऱ्याला अडू नये, बंद रूपात फटी दिसू नयेत आणि मुलाच्या हाताने ओढाताण झाली तरी सांधा तुटू नये, या तिन्ही अटी एकाच वेळी पाळाव्या लागतात. सुरुवातीच्या खेळण्यांत वजन व टिकाऊपणा यांसाठी जस्ताच्या मिश्रधातूचे, दाबाखाली साच्यात ओतलेले भाग, एबीएस प्लॅस्टिकचे कवच, क्रोमचा मुलामा दिलेले चकचकीत भाग आणि रबरी धावा यांचा एकत्रित उपयोग केलेला आढळतो. पुढे धातूचे प्रमाण घटत जाऊन खेळणी बहुतांशी प्लॅस्टिकची झाली.

पार्श्वभूमी : जपानमध्ये यांत्रिक बाहुल्यांची परंपरा जुनी आहे. एदो काळात (१६०३–१८६८) चहाचा पेला घेऊन पाहुण्यापर्यंत चालत जाणारी ‘काराकुरी’ बाहुली प्रसिद्ध होती, तर काबुकी रंगभूमीवर प्रेक्षकांदेखत वेश बदलण्याची ‘हायागावारी’ ही युक्ती लोकप्रिय होती. आधुनिक खेळणी-उद्योग मात्र दुसऱ्या महायुद्धानंतरच्या टंचाईतून पुन्हा उभा राहिला. युद्ध संपल्यावर १९४५ च्या अखेरीस ओत्सू येथे अमेरिकी सैन्याने टाकून दिलेल्या अन्नाच्या डब्यांच्या पत्र्यापासून जीप गाडीची लहान प्रतिकृती बनविण्यात आली. अशा पत्र्याच्या खेळण्यांच्या निर्यातीतून परकीय चलन मिळू लागले. यानंतरच्या दोन दशकांत चावीवर व विद्युत् घटावर चालणारे पत्र्याचे यंत्रमानव हे जपानी निर्यातीचे ओळखचिन्हच बनले.

१९७० नंतर दूरचित्रवाणीवरील कथामालिका व खेळणी यांचा संबंध घट्ट झाला. १९७१ मध्ये सुरू झालेल्या ‘कामेन रायडर’ या मालिकेमुळे ‘हेन्‌शिन’ म्हणजे देहपालट ही कल्पना मुलांच्या खेळात रुजली. १९७४ मध्ये पॉपी या कंपनीने ‘माझिंगर झेड’ या चित्रमालिकेतील यंत्रमानवाची धातूची प्रतिकृती ‘चोगोकिन’ (महामिश्रधातू) या नावाने विक्रीस आणली आणि जड, धातूच्या यंत्रमानवांची लाट आली. १९७५ च्या ‘रायदीन’ या मालिकेतील यंत्रमानव पक्ष्याच्या आकाराचे विमान बनत असे व त्याचे खेळणेही प्रत्यक्षात तसे बदलत असे.

ताकारा कंपनी व दोन मूळ मालिका : ताकारा ही कंपनी यासुता सातो यांनी १९५५ मध्ये प्लॅस्टिकच्या वस्तू बनविणारा लहान कारखाना म्हणून सुरू केली. १९६० मधील ‘दाक्को-चान’ ही फुगवण्याची बाहुली आणि १९६७ मधील ‘लिका-चान’ ही मुलींची बाहुली यांमुळे तिला नाव मिळाले. मुलग्यांसाठी तिने अमेरिकेतील हॅस्ब्रो कंपनीची ‘जी. आय. जो’ ही सैनिकाची बाहुली (१९६४) परवान्याखाली जपानमध्ये आणली. सैनिकाच्या वेशापेक्षा काल्पनिक वीरांचे वेश जपानी मुलांना अधिक भावतात, असे दिसून आल्यावर त्याच बाहुलीचा सांगाडा वापरून १९७२ मध्ये पारदर्शक देहाचा, आतील यंत्रे दाखविणारा ‘हेन्‌शिन सायबोर्ग’ तयार करण्यात आला. त्याची उंची सु. ३० सेंमी. होती. १९७३ च्या खनिज तेलाच्या संकटामुळे प्लॅस्टिक महागले. या परिस्थितीत १९७४ मध्ये सु. १० सेंमी. उंचीची ‘मायक्रोमॅन’ ही मालिका निघाली. मूर्ती लहान झाल्यामुळे तिच्यासाठी वाहने, तळ व मोठे यंत्रमानव बनविणे परवडू लागले. अमेरिकेत मेगो या कंपनीने ही खेळणी १९७६ पासून ‘मायक्रोनॉट्स’ या नावाने विकली.

१९८० मध्ये ताकाराने ‘डायाक्लोन’ ही दुसरी मालिका सुरू केली. हीमधील मानवी चालक जेमतेम ३ सेंमी. उंचीचे असून त्यांच्या पायांत लोहचुंबक बसविलेले असत. हे चालक प्रचंड यंत्रमानवांत बसून त्यांचे नियंत्रण करतात, अशी कल्पना होती. १९८२ पासून या मालिकेत खऱ्या मोटारींच्या सु. १:६० प्रमाणातील प्रतिकृतींचे यंत्रमानवात रूपांतर होऊ लागले. लॅम्बोर्गिनी काउंटॅक, फेअरलेडी झेड इ. मोटारी त्यांत होत्या. प्रतिकृती म्हणूनही ही खेळणी शोकेसमध्ये ठेवण्याजोगी होती, हे त्यांचे वैशिष्ट्य होय. या मोटार-यंत्रमानवांच्या रचनेत कोजिन ओनो या अभिकल्पकाचा मोठा वाटा आहे.

१९८३ मध्ये मायक्रोमॅन मालिकेत ‘मायक्रो चेंज’ ही शाखा निघाली. तिची कल्पना याच्या नेमकी उलट होती. येथे मोठी वस्तू लहान करून दाखविलेली नसून घरातील वस्तूच खऱ्या आकारात बनविलेल्या होत्या : ध्वनिफीत-वादक, ध्वनिफिती, कॅमेरा, सूक्ष्मदर्शक, पी-३८ पिस्तूल, लहान खेळण्यातील मोटार इत्यादी. मेजावर पडलेली साधी वस्तू हा खरे तर लपलेला यंत्रमानव आहे, हा विचार त्यामागे होता. ‘वेशांतर केलेला यंत्रमानव’ ही पुढे जगप्रसिद्ध झालेली कल्पना अशा रीतीने या शाखेत बीजरूपाने आढळते.

अमेरिकेतील आगमन : हॅस्ब्रो कंपनीची स्थापना १९२३ मध्ये हॅसनफेल्ड बंधूंनी ऱ्होड आयलंड राज्यात केली. १९८३ च्या टोकिओ खेळणी-प्रदर्शनात ताकाराची ही खेळणी हॅस्ब्रोच्या प्रतिनिधींच्या दृष्टीस पडली. ती अमेरिकेत आणावीत असा आग्रह धरणाऱ्यांत हेन्री ओरेनस्टाइन (१९२३–२०२१) यांचे नाव प्रामुख्याने घेतले जाते. पोलंडमध्ये जन्मलेले ओरेनस्टाइन नाझी छळछावण्यांतून वाचून युद्धानंतर अमेरिकेत आले होते व तेथे खेळण्यांचे निर्माते आणि संशोधक म्हणून नावारूपास आले होते. याआधी ताकाराने स्वतः ‘डायाक्रॉन’ व ‘क्रोनोफॉर्म’ या नावांनी काही रूपांतरी खेळणी अमेरिकेत विकून पाहिली होती. परंतु त्यांना फारसे यश लाभले नव्हते. यावरून केवळ चांगली यांत्रिक रचना परक्या बाजारपेठेत पुरेशी ठरत नाही, हे स्पष्ट होते.

हॅस्ब्रोने दोन्ही मालिकांतील खेळणी एकत्र केली आणि त्यांसाठी कथा लिहून घेण्याचे काम मार्व्हल कॉमिक्स या चित्रकथा-प्रकाशनाकडे सोपविले. संपादक जिम शूटर यांनी मूळ आराखडा तयार केला. ऑप्टिमस प्राइम हे नाव डेनिस ओनील यांनी सुचविले, तर बहुतेक पात्रांची नावे व स्वभाववर्णने बॉब बुडियान्स्की यांनी लिहिली. या कथेनुसार सायबरट्रॉन या ग्रहावर यंत्रांचीच सजीव सृष्टी असून तिच्यात ऑटोबॉट व डिसेप्टिकॉन असे दोन पक्ष आहेत. त्यांचे युद्ध पृथ्वीवर येऊन पोहोचते व ओळखू येऊ नये म्हणून ते पृथ्वीवरील वाहनांची व वस्तूंची रूपे धारण करतात.

या बदलात एक मूलभूत फरक घडला. जपानी डायाक्लोनमधील यंत्रमानव हे माणसाने चालविण्याचे साधन होते. अमेरिकी कथेत ते स्वतः विचार करणारे, नाव व स्वभाव असलेले जीव झाले. लहान चालक अनावश्यक ठरले व खेळण्यांच्या पेटीतून वगळले गेले. मात्र अनेक खेळण्यांतील त्यांची बसण्याची जागा तशीच राहिली. दोन मालिकांची प्रमाणे निराळी असल्यामुळे एक विसंगतीही उद्भवली : कथेत पिस्तूल वा ध्वनिफीत-वादक बनणारे पात्र रूप बदलताना लहानमोठेही होते, मोटार बनणारे पात्र मात्र मोटारीएवढेच राहते. कथानकातील हा चमत्कार वस्तुतः दोन जपानी मालिका एका पेटीत आल्याचा परिणाम होय.

खेळण्यांच्या पेटीच्या मागील बाजूस प्रत्येक पात्राचे बल, वेग, बुद्धी इ. गुण आलेखाने दर्शविलेले असत. हा आलेख लाल पारदर्शक पट्टीतून पाहिल्यासच वाचता येई. १९८५ पासून खेळण्यांवर उष्णतेने रंग बदलणारे चिन्ह लावण्यात आले. बोटाने घासल्यावर त्यात पात्राच्या पक्षाची मुद्रा दिसे व त्यावरून अस्सल माल ओळखता येई. बाजारात नकली खेळणी येऊ लागल्याचा हा पुरावाच म्हणावा लागेल.

दूरचित्रवाणी, स्पर्धा व वाद : फेब्रुवारी १९८४ मधील न्यूयॉर्कच्या खेळणी-प्रदर्शनात ही मालिका सादर झाली. मार्व्हलची चित्रकथा त्याच वर्षी निघाली. ती चार अंकांपुरती योजलेली असूनही १९९१ पर्यंत ८० अंक चालली. सप्टेंबर १९८४ मध्ये दूरचित्रवाणी चित्रमालिकेस प्रारंभ झाला व १९८७ पर्यंत तिचे ९८ भाग प्रसारित झाले. तिचे बरेचसे चित्रणकार्य जपानमधील तोएई या संस्थेने केले. टोंका या अमेरिकी कंपनीने बांदाई समूहाच्या ‘मशीन रोबो’ (१९८२) या जपानी मालिकेवरून ‘गोबॉट्स’ ही खेळणी याच सुमारास आणली होती. ती स्वस्त व आकाराने लहान होती. परंतु पात्रांच्या रेखाटनात ट्रॅन्सफॉर्मर्स सरस ठरले. १९९१ मध्ये हॅस्ब्रोने टोंका कंपनीच विकत घेतली.

चित्रमालिका ही खेळण्यांची जाहिरातच आहे, असा आक्षेप याच काळात तीव्र झाला. अमेरिकेत १९६९ मध्ये एका खेळण्यातील मोटारींवर आधारलेल्या चित्रमालिकेविरुद्ध अशीच तक्रार झाली होती आणि तेव्हा नियामक आयोगाने ती ग्राह्य धरली होती. १९८४ मध्ये त्याच आयोगाने जाहिरातींच्या वेळेवरील मर्यादा काढून टाकल्या व खेळण्यांवर आधारित चित्रमालिकांना मोकळे रान मिळाले. या व्यवस्थेत कथा व विक्री यांचा संबंध किती निकटचा होता, हे १९८६ च्या चित्रपटावरून दिसते. नव्या वर्षाच्या खेळण्यांना जागा करून देण्यासाठी त्यात ऑप्टिमस प्राइम या नायकासह अनेक जुनी पात्रे मारण्यात आली. निर्मात्यांच्या दृष्टीने तो बंद होणारा माल होता. मुलांच्या दृष्टीने मात्र तो नायकाचा मृत्यू होता. चित्रपटगृहांत मुले रडू लागली, पालकांची नाराजीची पत्रे आली आणि अखेरीस या पात्रास चित्रमालिकेत पुन्हा जिवंत करावे लागले. विक्रीसाठी निर्माण केलेल्या पात्रालाही मुले स्वतःच्या भावविश्वात स्वतंत्र स्थान देतात, ही गोष्ट या प्रसंगाने उद्योगाच्या ध्यानात आली. १९९० मध्ये अमेरिकेत मुलांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमांविषयी कायदा होऊन जाहिरातींच्या वेळेवर पुन्हा मर्यादा घालण्यात आली.

जपानमधील पुनरागमन व पुढील इतिहास : १९८५ मध्ये ताकाराने आपल्या दोन्ही मूळ मालिका बंद करून अमेरिकी नाव व कथा यांसह हीच खेळणी जपानमध्ये विकण्यास प्रारंभ केला. ऑप्टिमस प्राइम तेथे ‘कॉन्व्हॉय’ या नावाने ओळखला जातो. अमेरिकेतून जपानमध्ये गेलेली सैनिकाची बाहुली, तिच्यापासून निघालेला सायबोर्ग, त्याच्यापासून मायक्रोमॅन, तेथून अमेरिकेत गेलेला यंत्रमानव व त्याचे जपानमध्ये परतणे, अशी ही दुहेरी सागरयात्रा खेळण्यांच्या इतिहासात विरळाच म्हटली पाहिजे.

परवाने व हक्क यांच्या गुंतागुंतीचे एक उदाहरण जेटफायर या पात्राचे आहे. त्याचे खेळणे ताकाराचे नसून ‘माक्रोस’ (१९८२) या चित्रमालिकेतील विमानासाठी ताकातोकू या कंपनीने बनविलेले होते. ही कंपनी बुडाल्यावर तिचे साचे बांदाई या ताकाराच्या प्रतिस्पर्धी कंपनीकडे गेले. परिणामी हॅस्ब्रोने अमेरिकेत विकलेले हे खेळणे ताकाराला जपानमध्ये विकता आले नाही. मेगॅट्रॉन या खलनायकाचे पिस्तुलाचे रूपही पुढे अडचणीचे ठरले. खऱ्या शस्त्रासारख्या दिसणाऱ्या खेळण्यांवर अमेरिकेत १९८८ नंतर ठळक नारिंगी खूण आवश्यक झाली आणि नंतरच्या आवृत्त्यांत या पात्राला बहुधा रणगाड्याचे वा विमानाचे रूप देण्यात आले.

१९८५ च्या प्लाझा करारानंतर येनचे मूल्य वाढले व जपानमधील उत्पादन महाग पडू लागले. खेळण्यांचे उत्पादन क्रमाक्रमाने चीनमध्ये व त्यानंतर काही प्रमाणात व्हिएतनाममध्ये गेले. अभिकल्पनाचे काम मात्र मुख्यत्वे जपानमध्येच राहिले. १९९० मध्ये अमेरिकेतील मूळ मालिका संपुष्टात आली. १९९३ मधील दुसरी आवृत्ती अल्पकाळ टिकली. १९९६ मध्ये मोटारींऐवजी प्राण्यांचे रूप घेणारी ‘बीस्ट वॉर्स’ ही मालिका आली व तिच्यातील उखळीच्या सांध्यांमुळे खेळण्यांच्या हालचालींत बरीच सुधारणा झाली. ताकारा व तोमी (स्थापना १९२४) या कंपन्यांचे १ मार्च २००६ रोजी विलीनीकरण झाले. २००७ मध्ये मायकेल बे यांनी दिग्दर्शित केलेल्या चित्रपटाने जगभर ७० कोटी डॉलरहून अधिक उत्पन्न मिळविले व त्यानंतर चित्रपटांची मालिकाच सुरू झाली. आज्ञेनुसार आपोआप रूप बदलणारे, विद्युत् चलित्रांवर चालणारे यंत्रमानव २०२१ मध्ये विक्रीस आले. २०२४ मध्ये अमेरिकेतील राष्ट्रीय खेळणी गौरवदालनात या मालिकेचा समावेश करण्यात आला.

घडीच्या तंत्राचा उपयोग अवकाश संशोधनातही झाला आहे. जपानची अवकाश संस्था, ताकारा तोमी, सोनी व दोशिशा विद्यापीठ यांनी मिळून ‘सोरा-क्यू’ हे सु. ८ सेंमी. व्यासाचे चेंडूच्या आकाराचे लघुयान तयार केले. जानेवारी २०२४ मध्ये ‘स्लिम’ या यानातून ते चंद्रावर उतरले, दुभंगून त्याच्या दोन अर्धगोलांची चाके झाली आणि कलंडलेल्या मुख्य यानाचे छायाचित्र त्याने घेतले. कमीत कमी जागेत बसणारी व हव्या त्या क्षणी उलगडणारी रचना हे जे खेळण्याचे कसब, तेच येथे उपयोगी पडले.

भारत व महाराष्ट्र : १९८० च्या दशकात भारतात उपभोग्य वस्तूंच्या आयातीवर कडक निर्बंध होते. परदेशी खेळणी मुख्यतः प्रवाशांच्या सामानातून येत किंवा मुंबईतील मनीष मार्केट, मुसाफिरखाना यांसारख्या परदेशी मालासाठी प्रसिद्ध असलेल्या बाजारांत मिळत. सर्वसाधारण कुटुंबाला ती परवडण्याजोगी नव्हती. या काळात परदेशी कंपन्यांशी सहकार्य करून देशातच उत्पादन करण्याचा मार्ग खुला होता. १९८७ मध्ये एमआरएफ व हॅस्ब्रो यांच्या सहकार्याने फनस्कूल ही कंपनी स्थापन झाली व तिचा कारखाना गोव्यात उभारण्यात आला. तेथे ‘जी. आय. जो’ बाहुल्या तयार होऊ लागल्या. ज्या बाहुलीपासून जपानमध्ये मायक्रोमॅनची व पर्यायाने ट्रॅन्सफॉर्मर्सची परंपरा निघाली, तिच्याच वंशातील लहान आकाराच्या मूर्ती अशा प्रकारे कोकणी-मराठी प्रदेशात घडू लागल्या. गोव्यात बनलेल्या या मूर्तींना त्यांच्या वेगळ्या रंगसंगतीमुळे परदेशी संग्राहकांत मागणी आहे. जागतिक व्यापार संघटनेच्या निर्णयानंतर भारताने १ एप्रिल २००१ पर्यंत आयातीवरील उरलेले संख्यात्मक निर्बंध उठविले आणि चिनी बनावटीची खेळणी मोठ्या प्रमाणात देशात येऊ लागली. त्यांत परवान्याविना केलेल्या रूपांतरी यंत्रमानवांच्या नकलाही होत्या.

मोठ्या शहरांबाहेर या खेळण्यांचा प्रसार कसा झाला, हे पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील शिरूर व दौंड यांसारख्या तालुक्यांच्या उदाहरणावरून समजू शकते. घोड नदीकाठचे शिरूर हे पुणे–अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) मार्गावर, तर भीमा नदीकाठचे दौंड हे मुंबई–सोलापूर लोहमार्गावरील महत्त्वाचे प्रस्थानक आहे. अशा गावी खेळण्यांची खरेदी परंपरेने आठवडे बाजार, जत्रा-यात्रा आणि स्टेशनरी-कटलरीची दुकाने यांतून होत आली आहे. अष्टविनायकांपैकी रांजणगाव शिरूर तालुक्यात असून सिद्धटेक हे दौंडपासून जवळच, भीमेच्या पलीकडील तीरावर कर्जत तालुक्यात आहे. देवस्थानांच्या परिसरातील दुकानांत भिंगरी, पिपाणी, खुळखुळा, लाकडी गाडी यांच्या शेजारी प्लॅस्टिकची खेळणी येऊन बसली व मोटारीचा यंत्रमानव हा त्यांतीलच एक प्रकार ठरला. या मार्गाने येणारे खेळणे बहुधा नाव व कथा यांविनाच येते. मूळ पात्र कोणते, ते कोणत्या पक्षाचे, याची माहिती पेटीवर नसते. परिणामी अमेरिकी कथेने मुलावर घातलेले बंधन येथे आपोआप सैल होते आणि मूल त्याला आपल्या खेळातील भूमिका देते. दिवाळीच्या मातीच्या किल्ल्यावर मावळ्यांच्या रांगेत असा यंत्रमानव पहाऱ्यास उभा करण्यास त्याला कोणतीच हरकत वाटत नाही.

उत्पादनतंत्राच्या दृष्टीने हा प्रदेश या खेळण्यांना परका नाही. शिरूर तालुक्यातील रांजणगाव औद्योगिक वसाहतीत १९९० च्या दशकापासून मोटारी व गृहोपयोगी विद्युत् उपकरणे यांचे मोठे कारखाने उभे राहिले. धुलाईयंत्र वा प्रशीतक यांचे प्लॅस्टिकचे भाग वितळलेले प्लॅस्टिक दाबाने साच्यात भरून बनवितात. खेळण्याचे अवयवही याच रीतीने घडतात. फरक साच्याच्या सूक्ष्मतेत व अभिकल्पनात असतो. खेळणी-उद्योगात खरी किंमत प्लॅस्टिकला नसून साचा, रचना व कथा यांना असते, हे ताकारा व हॅस्ब्रो यांच्या इतिहासावरून दिसून येते. त्यामुळे केवळ आयात रोखल्याने देशी उद्योग उभा राहील असे मानता येत नाही. त्यासाठी अभिकल्पक व साचे घडविणारे कुशल कारागीर तयार व्हावे लागतात.

महाराष्ट्रात खेळण्यांच्या स्वतंत्र परंपराही आहेत. सावंतवाडीच्या चितारआळीतील रंगीत लाकडी खेळणी व फळे प्रसिद्ध आहेत. पुणे येथील आयुका या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी आगपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, जुने कागद इ. टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी बनविण्याचे कार्य दीर्घकाळ केले. त्यांत रूप बदलणाऱ्या कागदी घड्यांचाही समावेश आहे. विकत घेतलेल्या रूपांतरी यंत्रमानवात रचनेचे रहस्य साच्यात बंदिस्त असते. स्वतः केलेल्या खेळण्यात ते मुलाच्या हाती येते. दोन्ही प्रकारांत घडी, सांधा व क्रम यांचे ज्ञान होते. परंतु दुसऱ्या प्रकारात खेळणे मोडले तर ते पुन्हा करता येते.

सुरक्षितता व जतन : रूपांतरी खेळण्यांत सांधे, खुंट व सुटी शस्त्रे असल्याने तीन वर्षांखालील मुलांच्या घशात लहान भाग अडकण्याचा धोका असतो. बिजागरीत बोट चिमटणे, निकृष्ट रंगातील शिसे व प्लॅस्टिक मऊ करणारी अपायकारक रसायने हेही धोके संभवतात. शिसेयुक्त रंगामुळे २००७ मध्ये जगभर चीनमध्ये बनलेली लक्षावधी खेळणी परत घ्यावी लागली. भारताने जानेवारी २००९ मध्ये चिनी खेळण्यांच्या आयातीवर सहा महिन्यांची बंदी घातली. मार्चमध्ये ती शिथिल करून ठराविक मानकांनुसार तपासलेल्या मालास परवानगी देण्यात आली. फेब्रुवारी २०२० मध्ये खेळण्यांवरील आयातशुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के व २०२३ मध्ये ७० टक्के करण्यात आले. १ जानेवारी २०२१ पासून भारतीय मानक संस्थेचे प्रमाणचिन्ह खेळण्यांसाठी सक्तीचे आहे. नोंदणीकृत हस्तकारागिरांच्या खेळण्यांना या सक्तीतून सूट दिलेली आहे. जत्रेत वा आठवडे बाजारात विनापेटी मिळणाऱ्या खेळण्यावर हे चिन्ह आहे की नाही, हे पाहणे पालकांच्या दृष्टीने महत्त्वाचे असते. कारण स्वस्त नक्कल व अस्सल खेळणे यांतील खरा फरक बाह्यरूपात दिसत नसून तो रंग, प्लॅस्टिक व सांधा यांच्या प्रतीत असतो.

१९८० च्या दशकातील मूळ खेळणी आता संग्राह्य वस्तू झाली आहेत. सूर्यप्रकाशाने पांढरे प्लॅस्टिक पिवळे पडते, मुलामा उडतो, सांधे सैल होतात आणि धातूच्या चकाकीचे कण मिसळलेले सोनेरी प्लॅस्टिक कालांतराने इतके ठिसूळ होते, की हात लावताच त्याचे तुकडे पडतात. अशी खेळणी कोरड्या व अंधाऱ्या जागी ठेवतात आणि त्यांचे रूपांतर सहसा करीत नाहीत. रूप बदलण्यासाठीच जन्मलेले खेळणे जपण्यासाठी एकाच रूपात स्थिर ठेवावे लागते. याउलट मुलांच्या हाती पडून झिजलेली, एखादा हात गमावलेली खेळणी संग्राहकाच्या दृष्टीने कमी मोलाची असली, तरी खेळण्याचा मूळ हेतू त्यांनीच पूर्ण केलेला असतो.